स्टेअरिंग थरथरतंय? हलवणारा एक असतो, हलू देणारा दुसराच

मामाची गाडी पन्नास-पंचावन्नपर्यंत एकदम शांत, साठला लागली की स्टेअरिंग हातात कापायला लागायचं, आणि त्यात एखाद्या पुलाचा जॉइंट आला की संपलंच, पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी अशी काय फडफडायची की डॅशबोर्डवरचा गणपती, पाण्याची बाटली, आरशाला बांधलेलं लिंबू-मिरची सगळं एका तालात नाचायचं आणि स्पीड तीसच्या खाली आणल्याशिवाय ते थांबायचं नाही. गाडी जुनी, हलका सहाचाकी ट्रक, सांगलीहून पुण्याला माल घेऊन जाणारी. मामानं काय केलं तर जे सगळेच करतात तेच केलं. आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा मापून सरळ करणं. मग दुसऱ्या ठिकाणी परत अलाइनमेंट. मग कुणीतरी सांगितलं म्हणून पुढचे दोन्ही टायर नवे टाकले. टायर टाकल्यावर दोन महिने गाडी लोण्यासारखी चालली, मामा खूश, आणि मग हळूहळू परत तेच.

मला विचाराल तर ह्या दोन महिन्यांतच सगळं उत्तर होतं. टायर खराब असते तर नव्या टायरवर त्रास कायमचा जायला पाहिजे होता, आणि टायरचा संबंधच नसता तर दोन महिनेसुद्धा आराम पडला नसता. दोन्ही झालं नाही. कारण स्टेअरिंग थरथरायला नेहमी दोन जण लागतात, एक हलवणारा आणि एक हलू देणारा. हलवणारा म्हणजे ज्याच्यामुळे धक्का बसतो, टायर, रिम, रस्ता. हलू देणारा म्हणजे जी वस्तू ढिली झालीये म्हणून तो धक्का जिरायच्या ऐवजी वाढत जातो, किंगपिन (चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन), टायरॉड एंड (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा), बेरिंग, पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग). नव्या टायरनं हलवणाऱ्याला घरी पाठवलं, पण हलू देणारा तिथेच बसून होता, आणि त्या ढिलाईमुळे नवे टायरपण वाकडेतिकडे झिजले आणि तेच परत हलवणारे झाले. गॅरेजमधली निम्मी भांडणं ह्याच्यावरच असतात, टायरवाला म्हणतो किंगपिन गेलीय, मिस्त्री म्हणतो टायर बघा, आणि बऱ्याचदा दोघंही बरोबर असतात.

आता ठराविक स्पीडलाच का थरथरतं, ऐंशीला गेलं की कधीकधी थांबतं का, हे समजून घ्यायला एसटी आठवा. लाल परी स्टँडवर उभी असते, इंजिन चालू असतं, आणि खिडक्यांच्या काचा खडखडत असतात. ड्रायव्हरनं ॲक्सिलेटर जरा दाबला की काचा एकदम गप्प, पण आता मागची सीट वाजायला लागते. प्रत्येक वस्तूची हलायची स्वतःची एक चाल असते, तिला त्याच चालीनं ढकललं की ती अंगात आल्यासारखी हलते, वेगळ्या चालीनं ढकललं की लक्षच देत नाही. पुढचा ॲक्सल, दोन चाकं आणि त्यांना जोडणारा टायरॉड ह्या सगळ्या मंडळींचीही अशी एक चाल असते.

जरा हिशोब करू, अवघड नाहीये. हलक्या ट्रकला सर्रास जो ७.५०-१६ चा टायर असतो त्याचा घेर साधारण अडीच मीटर. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर २० मीटर. म्हणजे ७२ ला चाक सेकंदाला ८ वेळा फिरतं, ६० ला साधारण पावणेसात वेळा. आता समजा रिमच्या कडेला एका ठिकाणी १०० ग्रॅम वजन जास्त आहे, तर ७२ च्या स्पीडला तेवढं वजन चाकाला प्रत्येक फेऱ्यात साधारण ५ किलोच्या जोरानं बाहेर ओढतं, सेकंदाला ८ वेळा. आणि स्पीड दुप्पट झाला की हा जोर दुप्पट नाही तर चौपट होतो. पावसाळ्यात शेतातून गाडी काढल्यावर रिमच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचा अर्धा किलोचा गोळा वाळून बसला असेल तर तो हिशोब तुम्हीच करा, २५ किलोचा हातोडा होतो तो. त्यामुळे पावसाळ्यात कुणी म्हणालं की कालपर्यंत गाडी चांगली होती आज अचानक थरथरतीय, तर गॅरेजला जायच्या आधी प्रेशरनं रिम आतून धुवा. मी थट्टा नाही करत, हे एवढ्यावर मिटलेलं पाहिलंय.

अजून एक, मी ज्या गाड्यांबद्दल बोलतोय त्या म्हणजे पुढे अख्खा ॲक्सल असलेल्या, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत एकच लोखंडी बीम, त्याच्यावर पाटे, टोकाला किंगपिन. टाटाची ४०७ १९८६ साली आली, ती आणि तिच्यासारखे जुने हलके ट्रक, मोठे दहा टनी ट्रक, सगळे ह्याच घराण्यातले. ह्या रचनेत मजबुती फार, पण एक खोड असते. डावं चाक हललं की ते बीममधून आणि टायरॉडमधून उजव्याला हलवतं, उजवं परत डाव्याला हलवतं, आणि दोघं एकमेकांना टाळी देत बसतात. ह्यालाच शिमी म्हणतात. अख्खा ॲक्सल असलेल्या जीपवाल्यांना पण हा प्रकार चांगला माहितीय, अमेरिकेत तर त्याला सरळ मरणाची थरथर अशा अर्थाचं नाव पडलंय. कारच्या पुढच्या चाकांना वेगवेगळं सस्पेन्शन असतं म्हणून तिथे इतका दंगा सहसा होत नाही.

तर मिस्त्रीकडे जायच्या आधी स्वतःला विचारा, गाडी नक्की कधी थरथरते? एवढं नीट सांगता आलं तर अर्धं काम झालं. नुसतं "गाडी व्हायब्रेट मारतीय" म्हणालात तर तो बिचारा अंदाजानंच सामान बदलणार, आणि बिल तुम्ही भरणार.

थरथर फक्त एका स्पीडच्या पट्ट्यात येत असेल, म्हणजे समजा ५५ ते ७० आणि त्याच्या पुढे-मागे कमी, तर हलवणारा चाकात आहे, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं असणं), टायर, रिम. अगदी हळू, १५-२० ला, गाडी बदकासारखी डुलत चालत असेल तर टायर गोल राहिलेला नाही किंवा रिम वाकलीय, बहुतेक टायरच्या आतले धागे सुटलेत आणि कुठेतरी फुगा आलाय, असा टायर त्याच दिवशी काढा, तो हायवेला फुटतो. फक्त ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरत असेल तर ड्रम अंड्यासारखा झालाय, ड्रम काढून लेथवर चढवून बघावा लागेल. खड्डा किंवा पुलाचा जॉइंट लागला की एकदम सुरू होऊन मग रस्ता गुळगुळीत असला तरी थांबतच नसेल, तर ती शिमी, हलू देणारा शोधा. आणि स्टेअरिंग शांत, पण सीट आणि पायाखालचा पत्रा झिणझिणत असेल तर पुढे काही शोधूच नका. मागचा टायर, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांना फिरवणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, किंवा सेंटर बेरिंग बघा. हा फरक हाताला-पायाला चांगला कळतो, कारण शाफ्ट चाकापेक्षा चार-पाच पट जोरात फिरतो, म्हणून चाकाची थरथर थडथड अशी लागते आणि शाफ्टची मुंग्या आल्यासारखी. शाफ्ट नुकताच काढून परत बसवला असेल आणि तेव्हापासून त्रास असेल तर दोन्ही तुकड्यांवरचे बाणाचे खुणेचे मार्क समोरासमोर आहेत का ते बघा, घाईत बसवताना ते चुकतात.

शंका इंजिनाची असेल तर गाडी उभी करून न्यूट्रलला रेस करा, तिथेही थरथरलं तर इंजिनचे माउंटिंग. आणि हो, सिमेंटच्या रस्त्यावर परीक्षा घेऊ नका. त्याला दर चार-पाच मीटरवर जॉइंट असतो, त्याचा टकटक ताल वेगळाच असतो आणि माणूस उगाच गाडीवर संशय घेतो. डांबरी, सपाट, मोकळा रस्ता बघा.

ही परीक्षा झाली की पहिला नंबर टायरचा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. सर्वात स्वस्त तपासणी सांगतो, पुढचं चाक मागच्या बाहेरच्या चाकाशी बदला, साइज एकच असेल तर. थरथर स्टेअरिंगमधून उठून सीटखाली गेली तर चोर सापडला. तशीच्या तशीच राहिली तर टायरला सोडून द्या. आधी एका बाजूचं बदला, मग दुसऱ्या. पाना, जॅक आणि अर्धा तास, बस.

टायरवर हात फिरवायची सवय लावा, पण थंड असताना आणि दोन्ही दिशांनी. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय, म्हणजे चाकं पुढून एकमेकांकडे जरुरीपेक्षा जास्त वळलीत किंवा फाकलीत. जागोजागी वाटीसारखे खड्डे पडले असतील तर बॅलन्स, शॉकअप किंवा बेरिंगची ढिलाई. एकच कड झिजली असेल तर बहुतेक किंगपिन झिजलीय किंवा ॲक्सल वाकलाय, कारण ह्या गाड्यांत कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत-बाहेर कल, ॲडजस्ट करायचा बोल्टच नसतो, कॅम्बर बदललाय म्हणजे काहीतरी झिजलंय नाहीतर वाकलंय. टायर खरं तर गाडीची डायरी आहे, फक्त लोक ती वाचायच्या आधीच रिमोल्डला, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवायला, देतात. रिमोल्डवरून आठवलं, ते मागे चालवा, पुढे नको. जुने ड्रायव्हर हे पाळतात ते उगाच नाही, रिमोल्डची गोलाई आणि वजन सगळीकडे सारखं असेलच असं नाही आणि पुढे एखादा सुटला तर गाडी हातात राहत नाही.

ट्यूबच्या टायरची एक गंमत आहे, ती फार कमी लोक बघतात. टायर रिमला जिथे भिडतो तिथे टायरवरच गोल एक बारीक उंच रेघ असते. ही रेघ रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर पाहिजे. एका बाजूला रेघ जवळ आणि समोरच्या बाजूला लांब असेल तर टायर रिमवर नीट बसलेलाच नाही, मध्यावर नाहीये, आणि तुम्ही त्याचं दहा वेळा बॅलन्सिंग केलं तरी तो लंगडतच चालणार. कधी आत फ्लॅप, म्हणजे ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी, दुमडलेला असतो. हवा काढून, कडेला साबणाचं पाणी लावून परत बसवायचा. पण रिंगची रिम, म्हणजे टायर अडकवायला वेगळी लोखंडी रिंग असलेली, असेल तर हे काम टायरवाल्या अण्णाकडेच करा, हवा भरताना रिंग उडाली तर माणूस जागेवर जातो, त्या रिंगसमोर कुणी उभंसुद्धा राहायचं नाही.

व्हीलनट बघताना फक्त टाइट आहेत का एवढंच बघू नका. नटाच्या भोवती गंजाच्या तांबड्या रेघा बाहेर पसरलेल्या दिसल्या तर ते चाक ढिलं चाललंय, चाकाच्या मधल्या पत्र्याची भोकं अंडाकृती झाली असतील, मग ते चाक कितीही आवळा, मध्यावर बसणार नाही. काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात हे विसरून नवीन पोरं स्टड मोडतात, ते वेगळंच.

आता जॅक. जमीन कडक पाहिजे, हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड नाहीतर लाकडी ठोकळे, आणि गाडी जॅकवर सोडून खाली शिरायचं नाही, ॲक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावायची. हे वाचून कंटाळा आला असेल तरी चालेल पण करा.

चाक उचललं की वर आणि खाली, म्हणजे घड्याळात १२ आणि ६ वाजता काटे असतात तिथे, हात लावून चाक आत-बाहेर हलवा. हाताचा जोर कमी पडत असेल तर खालून पहार घालून उचला. टकटक असा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, लागला तर दोघांपैकी एक, बेरिंग नाहीतर किंगपिन. आता ह्यातली खरी युक्ती. एकाला केबिनमध्ये बसवून ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर बेरिंग ढिलं. तसाच राहिला तर किंगपिन. का, तर ब्रेक दाबला की लायनर ड्रमला धरतात, म्हणजे हब (चाक ज्याला बसतं तो गोल भाग) आणि स्टब ॲक्सल (हब ज्याच्यावर फिरतो तो आखूड दांडा) एक होऊन जातात, त्यांच्या मधलं बेरिंग कितीही ढिलं असलं तरी त्याला हलायला जागाच उरत नाही. तरीही हललं तर ढिलाई स्टब आणि बीमच्या मधे आहे, आणि तिथे किंगपिनशिवाय दुसरं कोण राहतं? मिस्त्री पन्नास वर्षं झाली हे करतायत, पण का ते पोरांना सांगत नाहीत, म्हणून निम्मी पोरं ब्रेक न दाबताच किंगपिन गेली म्हणून सांगतात आणि गिऱ्हाईकाचं सगळं पुढचं खोलून ठेवतात.

बेरिंगच निघालं तर सुटलात, हबमधे आतलं-बाहेरचं अशी दोन टेपर बेरिंग असतात, चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, मग थोडासा मागे सोडायचा आणि स्प्लिट पिन टाकायची, पिन दरवेळी नवी, जुनी सरळ करून परत घालायची कंजुषी नको. फार आवळलं तर बेरिंग जळतं, ढिलं ठेवलं तर आपण जिथून सुरुवात केली तिथेच परत.

किंगपिन म्हणजे थोडक्यात दाराची बिजागरी. बीमच्या टोकाला एक जाड उभी पिन, तिच्याभोवती स्टब ॲक्सल डावीकडे-उजवीकडे वळतो, वर-खाली दोन बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते त्या धातूच्या नळ्या, आणि खाली एक थ्रस्ट बेरिंग ज्याच्यावर गाडीच्या पुढच्या बाजूचं वजन बसलेलं असतं. बुश झिजले की दार जसं बिजागरीत लोंबकळतं तसं चाक लोंबकळतं. आणि हे झिजतात ते बहुतेक ग्रीसच्या उपासमारीनं. ग्रीस तर मारलेलं असतं हो, सर्व्हिस स्टेशनला जाऊन निप्पलला (ग्रीस भरायच्या बारीक तोंडाला) गन लावलेली असते, पण गाडी चाकावर उभी असताना खालच्या बाजूला सगळं वजन दाबून बसलेलं असतं, तिथे ग्रीसला शिरायला जागाच नसते, ते आपलं वरच्यावर बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं झालं ग्रीसिंग. ॲक्सल उचलून, चाक डावं-उजवं पूर्ण वळवत गन मारायची, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. निप्पल घेत नसेल तर तो बदलायचा, एवढ्याशा वस्तूसाठी अख्खी किंगपिन घालवू नका.

बदलायचीच वेळ आली तर दोन्ही बाजूंची बदला. नवे बुश ठोकले की ते थोडे आत दबतात, त्यामुळे पिनच्या मापाला रीमर (भोक मापात कापणारं हत्यार) मारून घ्यावे लागतात, आणि वर-खाली दोन्ही बुशना रीमर एका रेषेत गेला पाहिजे, नाहीतर पिन जाते पण स्टेअरिंग जड होतं आणि वळणावरून परत सरळ येत नाही. जो हातोड्यानं पिन आत घालतोय त्याच्याकडून गाडी परत घ्या, असं आमचे मिस्त्री म्हणतात, ते जरा रागीट आहेत, पण ह्यात चुकीचं काही नाही. बाकी वरच्या-खालच्या फटीसाठी चकत्या असतात, त्या मापून टाकायच्या.

आता चाक ३ आणि ९ ला धरून हलवायचं. इथे प्ले लागला तर टायरॉड एंड, ड्रॅगलिंक, ड्रॉप आर्म, स्टेअरिंग बॉक्स असे स्टेअरिंगपासून चाकापर्यंतचे बरेच जण रांगेत आहेत. इथे जॅकपेक्षा दुसरी पद्धत जास्त चांगली, गाडी जमिनीवर, चाकं सरळ, पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड. एकानं केबिनमध्ये बसून स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं झटकायचं, चाक वळेल एवढं नाही, नुसतं टक-टक. दुसऱ्यानं बाहेरूनच एकेका जॉइंटवर हात ठेवायचा, गाडीखाली शिरायचं नाही. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं, जॉइंटची एक बाजू हलली आणि दुसरी बाजू जरा उशिरा हलली की बोटाखाली टिचकी बसते. स्टेअरिंगपासून सुरू करून चाकापर्यंत यायचं, टिचकी कुठे बसते ते खडूनं मार्क करायचं.

स्टेअरिंग बॉक्सवर एक ॲडजस्टिंगचा स्क्रू असतो, आणि लोकांचा त्याच्यावर फार जीव. स्टेअरिंग ढिलं वाटलं की तो आवळायचा. एक लक्षात घ्या, बॉक्समधला प्ले स्वतः थरथर तयार करत नाही, आणि स्क्रू जरुरीपेक्षा जास्त आवळला तर स्टेअरिंग मध्यावर अडकतं, वळणानंतर ओढून सरळ करावं लागतं, म्हणजे खंबाटकीच्या घाटात काय होईल विचार करा. आधी सगळे जॉइंट तपासून झाले, तरी मोकळा प्ले राहिला, तरच त्या स्क्रूकडे बघायचं.

पाट्यांकडे कुणाचं लक्षच जात नाही. यू-बोल्ट (ॲक्सलला पाट्याशी आवळणारे) ढिले असले, शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या दुव्याचे) पिन-बुश झिजले, किंवा मधला सेंटर बोल्ट तुटला, तर अख्खा ॲक्सलच पुढे-मागे सरकतो, मग किंगपिन सोन्याची टाकली तरी उपयोग नाही. ओळख सोपी आहे, पाट्यावर किंवा ॲक्सलच्या बैठकीवर कुठे घासून चकाकी आली असेल तर तिथे काहीतरी सरकतंय. चेसिसवरच्या एका ठराविक बोल्टपासून ॲक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावून बघा, फरक नको.

आणि कॅस्टर. सायकल हात सोडून सरळ चालते त्याचं एक कारण तिचा पुढचा फोर्क तिरका असतो, तसाच किंगपिनही थोडी मागे कललेली असते, म्हणून वळण संपलं की स्टेअरिंग आपोआप सरळ येतं. हा कल कमी झाला तर गाडी रस्त्यावर भटकते, सारखं सांभाळावं लागतं. जास्त झाला तर शिमीला आमंत्रण. दवाखान्यातल्या ट्रॉलीचं एखादं चाक जोरात ढकललं की कसं फडफडतं, तो त्याच घरातला प्रकार. ॲक्सल आणि पाट्याच्या मधे एक पाचर असते ती हा कल ठरवते, पाट्याचं काम करताना ती उलटी बसली की गाडी गॅरेजमधून आजारी होऊनच बाहेर येते. आपल्याकडचा दुसरा घोळ म्हणजे मागे जादा पाटे टाकणं. ऊस, वाळू, विटा, काय वाटेल ते भरायचं म्हणून मागे दोन पाटे वाढवले की रिकामी गाडी मागून उंच आणि नाकावर वाकलेली राहते, किंगपिनचा कल कमी होतो, मग ड्रायव्हर म्हणतो भरलेली गाडी बरी चालते, रिकामी भटकते. त्याचं म्हणणं खरं असतं, आणि मालकाला ते खोटं वाटतं.

अलाइनमेंट मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. टायर, बेरिंग, किंगपिन, जॉइंट, पाटे, सगळं घट्ट झाल्यावरच ते करायचं, ढिल्या गाडीचं अलाइनमेंट मशिनवर बरोबर येतं आणि गेटबाहेर पहिल्याच स्पीडब्रेकरला बदलतं. तसंही टो चुकीचा असला तर गाडी टायर खाते, साठला फडफडत सहसा नाही. मामानं दोनदा केलेलं अलाइनमेंट ह्याच खात्यात गेलं. स्टेअरिंग डँपरबद्दल पण तेच, म्हणजे आडवा लावलेला तो शॉकअप. काही गाड्यांना तो कंपनीतूनच असतो, तो गळत असेल तर बदला. पण नव्हताच आणि थरथर दाबायला म्हणून लावला, तर तुम्ही ताप उतरवला, आजार तिथेच आहे, आणि टायरॉड एंड रस्त्यात निसटेपर्यंत तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

चालत्या गाडीत शिमी सुरू झाली तर काय करायचं तेही सांगून ठेवतो. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, पण त्याच्याशी कुस्ती नाही. अंगठे आतल्या दांड्यांमध्ये अडकवायचे नाहीत, मोडतात. ॲक्सिलेटर सोडायचा, मागे कोण आहे ते बघत हळूहळू स्पीड उतरवायचा, जोरात ब्रेक मारला तर वजन पुढे येतं आणि थरथर अजून वाढते. थांबल्यावर उतरून निदान व्हीलनट आणि टायर बघा, मग हळू हळू गॅरेज.

तर मामाची गाडी. ब्रेक दाबून हलवल्यावरसुद्धा डाव्या चाकाला प्ले तसाच होता, म्हणजे किंगपिन, आणि डाव्याच बाजूच्या टायरॉड एंडला टिचकी. दोन्ही बाजूंच्या पिन-बुश, दोन टायरॉड एंड, मग अलाइनमेंट, आणि गाडी पुलाच्या जॉइंटवरून अशी गेली की मामानं मुद्दाम वळवून परत नेली. पण सत्तरच्या आसपास स्टेअरिंगला अजून थोडी गुदगुली होतीच. मामा वैतागला, म्हणाला, "एवढं केलं तरी आहेच की." मी खाली बसून टायरवरची ती रेघ बघितली, उजव्या चाकाला एका बाजूला बोट जेमतेम आत जात होतं आणि समोरच्या बाजूला दोन बोटं.  अण्णानं काढला तर आत फ्लॅपची घडी निघाली.

पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि व्हीलनट परत एकदा आवळून घेतले. आता ग्रीसिंगच्या दिवशी मामा चहाला जात नाही, जॅक लावलेला दिसल्याशिवाय पोराला गन हातात घेऊ देत नाही, आणि पोरं त्याच्या मागे त्याला किंगपिन मामा म्हणतात.